उभ्या गाडीचं बेअरिंग

शिकागोहून केंटकीतल्या मॅमथ केव्हला निघालो होतो. पिकअपच्या मागे सेकंडहँड घेतलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरची दीड खोली: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि खाली दोन आसांवर चार चाकं. इंडियानात इंटरस्टेट ६५ वर पेट्रोलला थांबलो, तेव्हा चारही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या तुंब्यांना, हात लावत एक फेरी मारली. तीन कोमट लागले. चौथ्याने असा चटका दिला की हात आपोआप मागे आला.

गाडी चालवताना ना आवाज आला होता, ना थरथर जाणवली होती. हबमध्ये बेअरिंग असतं, म्हणजे चाक आसावर अलगद फिरू देणारं पोलादी रोलरांचं कडं. कारचं बेअरिंग जायला लागलं की सीटखाली घूंऽऽ सुरू होतं आणि घरातलं कोणीतरी विचारतंच, 'हे काय वाजतंय?' ट्रेलरमध्ये ऐकायला कोणी बसलेलंच नसतं.

हब उघडला तर आतलं ग्रीस ताकासारखं दुधी झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं. रॉकेलने धुऊन रेस, म्हणजे रोलर जिच्यावर फिरतात ती पोलादी कडी, उजेडात धरली. तिच्यावर काळसर आडव्या रेघा होत्या, एकीपासून दुसरी अगदी सारख्या अंतरावर. रोलर तिच्यावर ठेवून पाहिले. रेघा आणि रोलर तंतोतंत जुळले. चालून झिजलेल्या बेअरिंगवर अशा सारख्या अंतराच्या रेघा उमटत नाहीत. हिवाळाभर ट्रेलर जागचा हलला नव्हता. प्रत्येक रोलर आपापल्या जागी टेकून बसला होता, आणि रोलर नि रेसच्या मधल्या चिमूटभर ओलाव्याने तिथेच पोलाद खाल्लं होतं. पुढे रस्त्यावर प्रत्येक रोलर त्या रेघांवरून आदळत गेला, पोलादाचे पोपडे सुटले आणि ते ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करू लागले.

आजच्या बहुतेक गाड्यांत कारखान्यातच सीलबंद केलेलं हब असतं. खराब झालं की अख्खं बदलायचं. ट्रेलर मात्र अजून १८९८ सालात आहे. त्या वर्षी हेन्री टिमकेन या सेंट लुईसमधल्या घोडागाड्या बनवणाऱ्याने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. गाडी वळताना चाकावर वरून वजन असतंच, शिवाय बाजूनेही जोर येतो. सरळ रोलर तो बाजूचा जोर नीट पेलत नाहीत. टिमकेनचे रोलर गाजरासारखे एका टोकाला बारीक. सगळ्या रोलरच्या आणि रेसच्या तिरक्या रेषा पुढे वाढवल्या, तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर घसरत नाहीत, निव्वळ लोळतात. अशी दोन बेअरिंगं समोरासमोर बसवली की चाक दोन्ही बाजूंनी धरलं जातं. सगळं सुटं होतं, धुता येतं, आणि रस्त्याच्या कडेला दोन पान्यांवर बदलता येतं. स्वस्तही पडतं. ट्रेलरवाल्यांनी ते सोडलं नाही यात नवल नाही.

३५०० पाउंड पेलणारा आस पूर्ण भरला, तर एका चाकावर साधारण ७९० किलो येतात. हे वजन काही रोलरांच्या अंगावरच्या केसासारख्या बारीक पट्ट्यांवर तोललेलं असतं. तिथला दाब वातावरणाच्या हजारो पट. एवढ्या दाबाखाली तेल पिळून बाहेर का जात नाही? कारण दाबाखाली तेल प्रचंड घट्ट होतं आणि क्षणभर जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं. मायक्रॉनभर किंवा त्याहून पातळ असा हा थर पोलादाला पोलाद भिडू देत नाही. पण तो तयार होतो रोलर फिरत असताना. फिरता रोलर तेल आपल्याखाली ओढून घेतो. गाडी उभी राहिली की थर हळूहळू पिळून निघतो आणि धातू धातूवर टेकतो.

म्हणून उभं राहणं बेअरिंगला मानवत नाही. ओलावा नसतानाही नाही. १९३०च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या बेअरिंगांवर रोलरच्या अंतराने खाचा सापडल्या. प्रवासभर चाक फिरलंच नव्हतं! डब्याच्या हादऱ्यांनी रोलर जागच्या जागी कणभर पुढेमागे घासत राहिले, मधलं तेल बाजूला सरलं, आणि ते परत आत ओढायला फिरणं नव्हतंच.

ग्रीस म्हणजे मुळात साबण आणि तेल. साबणाच्या बारीक धाग्यांचं जाळं स्पंजासारखं तेल धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. ट्रेलरला बहुतेक लिथियम कॉम्प्लेक्स, म्हणजे लिथियमच्या साबणाचं, क्रमांक २ च्या घट्टपणाचं ग्रीस चालतं. वेगळ्या जातीची दोन ग्रीसं मिसळली तर कधीकधी जाळंच मोडतं आणि तेल वाहून जातं, म्हणून जुनं पूर्ण धुवायचं. साधारण नियम वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी येईल ते. आमचे मैल कधीच पुरे होत नाहीत, वर्ष मात्र होतं. 'फिरवलाच नाही, मग ग्रीस कशाला?' हा प्रश्न मीही पूर्वी विचारलाय.

काही आसांच्या टोकाला ग्रीसगन लावायचं निपल असतं. सोय चांगली, पण तिच्यावर माझा फारसा जीव नाही. नवं ग्रीस आत जातं, बेअरिंग काही दिसत नाही. जोर लावून पंप केला तर ग्रीस मागचं सील ओलांडून थेट ब्रेकच्या लायनरवर उतरतं, आणि मग ब्रेक फक्त नावाला उरतो. त्यापेक्षा हाताने भरणं बरं. डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. मग सोऱ्यातून शेव पडावी तसं दुसऱ्या कडेला दोन रोलरच्या मधून ग्रीस डोकावतं. बेअरिंग थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं.

बदलायची वेळ आली तर रोलरांचं बेअरिंग आणि त्याची रेस जोडीनेच बदलायची. खड्डे पडलेल्या रेसवर नवे रोलर चढवले, तर तेही लवकरच जुन्यांच्या वाटेने जातात. जुन्या बेअरिंगवर कोरलेला आकडा उतरवून घ्यायचा. ३५०० पाउंडांच्या आसावर बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला एल ६८१४९ आणि बाहेरच्या बाजूला एल ४४६४९ सापडतात, आणि ते स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतात. हबमध्ये घट्ट बसलेली जुनी रेस पितळी दांड्याने आलटूनपालटून दोन बाजूंना ठोकत बाहेर काढायची. नवी रेस मी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो, मोदकांच्या डब्याशेजारी. ६० मिलिमीटरची रेस ४० अंशांनी थंड झाली, तर व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटरने आखडतो. तेवढ्याने ती निमूट आत सरकते. हातोड्याचा बद्द आवाज एकदम ठणठणीत झाला की समजायचं, रेस तळाला टेकली. सील दरवेळी नवं.

सगळ्यात जास्त चुका नट आवळताना होतात. चाक फिरवत नट ५० फूट-पाउंडांपर्यंत (हे पिळण्याच्या जोराचं माप) आवळायचा, म्हणजे सगळं जागेवर बसतं. मग हब न हलवता नट पूर्ण सैल करून फक्त बोटांनी पुन्हा टेकवायचा. चाकाला आतबाहेर किंचित प्ले राहू द्यायचा, ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर. घट्ट ते चांगलं असं वाटून पाना चालवण्याचा मोह होतो, पण चालू गाडीत बेअरिंग तापतं आणि फुगतं. मोकळीक नसेल तर ते आणखी आवळतं, म्हणून आणखी तापतं, आणि हे चक्र आसाला निळसर झाक चढेपर्यंत थांबत नाही.

वजनाचा हिशेबही कडक आहे. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या साधारण सव्वातीनव्या घाताने घटतं. नेमका घात १०/३. भार दुप्पट केला तर आयुष्य दहाव्या हिश्शावर येतं. नुसता २५ टक्के वाढवला तरी निम्म्याहून कमी. दीडशे लिटरची टाकी घरूनच भरून निघायची माझी सवय त्या दिवशी सुटली. पाणी कॅम्पच्या जागी मिळतंच.

शेवटी नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन जाते, तिची टोकं वाकवायची. वाकवून सरळ केलेली जुनी पिन पुन्हा वापरायची नाही. एकदा वाकलेला धातू दुसऱ्यांदा तिथेच तुटतो, आणि नट मोकळा झाला की चाक ट्रेलरच्या आधी पुढे निघून जातं. नवी पिन काही सेंटला मिळते. मी हातमोज्यांच्या खणात डझनभर ठेवतो.