तणाच्या बियांना उजेड कसा कळतो?

शिवरात्रीच्या सुमारास दिंडोरी तालुक्यात मामांकडे गेलो होतो. यंदा त्यांनी पहिल्यांदाच सरी-वरंबा सोडून बेड पाडले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि मल्चिंग पेपरवर, म्हणजे जमीन झाकायच्या वरून रुपेरी, खालून काळ्या प्लास्टिकवर, उन्हाळी मिरची लावली. शेवटच्या बेडला पेपर कमी पडला. मामेभावाने घरात पडलेलं पारदर्शक प्लास्टिक ओढून काम भागवलं. “तण उष्णतेनं मरतं, मग कागद कुठलाही असो,” असा त्याचा हिशेब. दुकानदारही म्हणे तेच सांगत होता: काळ्याखाली बी भाजून निघतं.

होळीला पुन्हा गेलो, तर त्या पारदर्शक प्लास्टिकखाली घोळ आणि माठ इतका माजला होता की प्लास्टिक वर उचललं गेलं होतं. शेजारी रुपेरी-काळ्या पेपरखाली जमीन जवळजवळ स्वच्छ.

उष्णतेचाच प्रश्न असता तर उलट व्हायला हवं होतं, कारण पारदर्शक प्लास्टिकखाली जमीन काळ्यापेक्षा जास्त तापते. ऊन आरपार जाऊन थेट मातीला लागतं आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला धरलेले पाण्याचे थेंब उष्णता बाहेर सोडत नाहीत. काळा पेपर मात्र ऊन स्वतःच पितो आणि त्यातली बरीच उष्णता वरच्या हवेला देऊन टाकतो. ऐन उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर चार-सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिक ताणून ठेवलं तर बी खरोखर भाजतं; इस्रायलमध्ये 1976 साली ही पद्धत पुढे आली. पण फाल्गुनात, नाशिकच्या गार रात्री अजून सरलेल्या नसताना, ते प्लास्टिक भट्टी होत नाही, उबवणी होते.

मग काळ्याखाली तण का नाही? उत्तर आहे अंधार. आणि इथून पुढे मला थांबवणं अवघड आहे.

घोळ, माठ यांचं बी खसखशीएवढं. आत शिदोरी फारच थोडी. दोन-तीन इंच खोलवर असताना कोंब काढला तर वर येईपर्यंत तो उपाशी मरेल. म्हणून अशा बियांना आधी खात्री हवी असते की वर उजेड आहे. ती खात्री देतं फायटोक्रोम नावाचं प्रथिन. पाणी पिऊन फुगलेल्या बीमध्ये ते दोन रूपांत असतं. पहिलं रूप 660 नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषतं आणि दुसऱ्या, जागत्या रूपात जातं. जागतं रूप 730च्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा दूर-तांबडा प्रकाश शोषून परत झोपतं. प्रथिनाला चिकटलेल्या रंगद्रव्याच्या रेणूत चार कडी असतात. 15व्या कार्बनजवळचा दुहेरी बंध प्रकाशाने पलटतो, शेवटचं कडं फिरतं आणि सगळ्या प्रथिनाचा आकार बदलतो. जागतं रूप पुरेसं साठलं की जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ लागतं आणि बी फुटतं.

अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेंड्रिक्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर आलटून पालटून तांबडा, दूर-तांबडा, पुन्हा तांबडा असा प्रकाश टाकून पाहिला. निष्कर्ष 1952 साली छापला. कितीही वेळा पालटा, बी शेवटच्या प्रकाशाचंच ऐकतं!

यात आणखी एक गंमत आहे. हिरवं पान तांबडा प्रकाश खातं आणि दूर-तांबडा खाली सोडतं. म्हणजे दाट झाडाखालच्या बीला ‘वर कोणीतरी आहे’ असा निरोप मिळतो आणि ते दम धरतं.

गाडलेलं बी पुढे इतकं हळवं होतं की नांगरताना क्षणभर पडलेलं ऊनही त्याला पुरतं. म्हणून जर्मनीत रात्री नांगरण्याचे प्रयोग झाले; कुठे तण बरंच घटलं, कुठे फारसा फरक पडला नाही. आमच्याकडे अमावस्येला औताला हात लावत नाहीत. गंमत म्हणजे, रात्रीच नांगरायचं तर सगळ्यात काळोखी रात्र तीच! चंद्राच्या कलेने रोप जोमदार होतं असं सांगून पंचांगासोबत ‘ऊर्जाभारित’ पाण्याची बाटली विकणाऱ्याला मात्र मामांनी बांधावरूनच परत पाठवलं, हे बरं झालं.

काळ्याखाली एकही बी फुटत नाही असं नाही. काही अंधारातही फुटतात, पण पिवळे, लांबुडके होऊन मरतात. रोपासाठी पाडलेल्या भोकांतून उजेड शिरतो, तिथे मात्र प्रत्येक मिरचीभोवती तणाचं कडं दिसतं. पेपरची वरची रुपेरी बाजू प्रकाश परतवून मावा-फुलकिड्यांना गोंधळवते, तो वेगळा विषय. हंगाम संपल्यावर त्याचे तुकडे बांधावर जाळतात, त्याबद्दल माझं मामांशी भांडण चालू आहे.

लव्हाळ्याने सगळ्यांनाच हरवलं. तो बीवर नाही, मातीतल्या गाठीवर उगवतो. गाठीत शिदोरी भरपूर, त्यामुळे उजेडाची वाट पाहत नाही. टोकदार कोंब सरळ पेपर भोसकून वर येतो. मामेभाऊ ती भोकं मोजत बसला होता. मामी पारदर्शक पट्ट्यावरची घोळ खुडून ओटीत भरत होत्या. संध्याकाळी मुगाची डाळ घालून तिचीच भाजी झाली.