आठ-चव्वेचाळीस आणि सात सेकंद

मुंबईकर लोकलला वेळेवरूनच ओळखतो: आठ-बाराची, आठ-एकोणतीसची. १९ जानेवारी २०३८ च्या मंगळवारी, दादरचा पूल ऐन गर्दीत असताना, ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी जुन्या धाटणीच्या संगणकांतली सेकंदांची मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचेल.

ही मोजणी १ जानेवारी १९७० पासून धरतात; आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. आकडा साठवायला ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ भरण्याच्या ३२ जागा. एक धन-ऋण चिन्हासाठी जातो, उरतात ३१. त्या सगळ्या जागी १ भरला की होते ती ही संख्या: २ चा ३१ वा घात वजा १. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा बिट उलटतो, आकडा ऋण होतो आणि घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातं. त्यावर ६४ बिटांचा उपाय आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो केलाही आहे.

मला ही संख्या आवडते ती वेगळ्या कारणाने. ती मूळ संख्या आहे, आणि हे १७७२ मध्ये गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने सिद्ध केलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती.

सरधोपट रीत म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या, इथे ४६,३४० पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणं. अशा संख्या चार हजारांवर आहेत. ऑयलरने त्यातल्या बहुतेक आधीच गाळल्या. समजा 'प' या मूळ संख्येने भाग गेला. मग २ च्या ३१ व्या घाताला 'प'ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २ च्या 'प वजा १' व्या घातालाही 'प'ने भागल्यावर बाकी १ च उरते; ३१ मूळ असल्याने त्यावरून 'प वजा १' ला ३१ ने भाग जायलाच हवा. 'प' विषम, म्हणून ६२ नेही. शिवाय 'प'ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च हवी. दोन्ही अटी जुळवल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात: जास्तीत जास्त ३७२. त्यातही २४९ ला ३ ने भाग जातो, ती बाद. ३११ मूळ आहे, तिने भागून पाहायचं. कुणानेच भाग गेला नाही. किती सुंदर चाळणी!

१८६७ पर्यंत हीच माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिलं होतं की, हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते) मोठी कुणी शोधणार नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. १८७६ मध्ये त्याहून मोठी सापडली.

६४ बिटांची नवी मर्यादा सुमारे २९ हजार कोटी वर्षं पुरेल. पण तिचा घातांक ६३. त्याला ३ ने भाग जातो, म्हणून त्या अवाढव्य संख्येला २ चा घन वजा १ ने, म्हणजे साध्या ७ ने, भाग जातो.