‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’: कर्ज मिटलं, पण कोणत्या शेऱ्यानं?

“साहेब, आज संध्याकाळपर्यंत सत्तर हजार टाका, फाइल बंद करून देतो.” क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी असलेल्यांना वसुली एजंटाचा हा फोन पाठ असतो. एजंटाच्या लेखी फाइल बंद म्हणजे तगादा बंद. सिबिलच्या, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लागेल की ‘सेटल्ड’, हे तो सांगत नाही. ते त्याच्या हातातही नसतं म्हणा.

समजा, कार्डावरचा मूळ खर्च 80,000 रुपयांचा. व्याज, लेट फी आणि त्यावरचा जीएसटी चढत चढत येणं 1,90,000 वर गेलं. ते सगळं फेडलंत, एकदम किंवा हप्त्यांनी, तर खातं ‘क्लोज्ड’. बँकेनं 70,000 घेऊन उरलेले 1,20,000 सोडून दिले, तर ‘सेटल्ड’. फोन दोन्हीकडे थांबतात, ‘नो ड्यूज’चं पत्रही दोन्हीकडे मिळू शकतं, म्हणून घोटाळा होतो. घरकर्जाला अर्ज केला की फरक कळतो. ‘सेटल्ड’ दिसलं की नवी बँक एवढंच वाचते: याच्याकडे कुणाचे तरी पैसे बुडालेत. ज्या बँकेशी तडजोड केली, तिथे तर शेतीकर्ज वगळता नवं कर्ज मिळायला किमान 12 महिने थांबावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या परिपत्रकात तसं आहे.

म्हणून सेटलमेंट करूच नये, असं मी म्हणणार नाही. नोकरी गेलेली, घरात आजारपण, खातं दोन-तीन वर्षं थकलेलं, अशा माणसाचा अहवाल आधीच बिघडलेला असतो. त्यानं तडजोड करून मोकळं व्हावं. पण पगार चालू असेल आणि पुढे घर घ्यायचं असेल, तर सवलतीच्या आकड्याला भुलण्याआधी पूर्ण रकमेचे हप्ते पाडून मागा.

(तिसरा शेरा ‘रिटन ऑफ’. तो पाहून कर्ज माफ झालं असं समजणारे पुष्कळ. बँकेनं ते आपल्या हिशेबापुरतं काढलेलं असतं; तुमचं देणं जागच्या जागी.)

तडजोड ठरली तर पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. एजंटाचा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे पत्र नव्हे. पत्रात खात्याचा क्रमांक, एकूण येणं, ठरलेली रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि उरलेल्या रकमेवर बँकेचा दावा राहणार नाही हे वाक्य हवं. रक्कम थेट कार्डाच्या किंवा कर्जाच्या खात्यात भरा, एजंटाच्या यूपीआयवर कधीच नको. तारीख चुकवू नका. चुकली की बँक सवलत मागे घेऊन पुन्हा पूर्ण रक्कम मागू शकते.

‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ नंतरही करून घेता येतं. हात मोकळा झाला की सोडलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवायची आणि शेरा बदलण्याचं लेखी कबूल करून घेऊनच भरायची. मग अहवाल स्वतः तपासा: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.