फुफ्फुसं नव्हे, श्वासाचे स्नायू

कोरोनाच्या लाटांमध्ये तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र घरोघर पोचलं. श्वास ओढला की चेंडू वर जातात. ‘याने फुफ्फुसं मजबूत होतात’ असं अजूनही ऐकू येतं. पण फुफ्फुसांना स्वतः हवा ओढता येत नाही. ते काम त्यांच्याखालचं घुमटाकार श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. हे स्नायू दंडाच्या स्नायूंसारखेच आहेत, कामाने वाढतात आणि बसून राहिले की झिजतात.

झिजतात ते फार लवकर. अमेरिकेत मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाची तपासणी झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ते १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते. तेवढ्यात श्वासपटलाच्या तंतूंचं छेदक्षेत्र (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) निम्म्याहून कमी उरलं होतं. छातीवरच्या स्नायूत मात्र तसा फरक नव्हता! यंत्र श्वास देत होतं आणि श्वासपटलाला कामच नव्हतं.

मग तीन चेंडूंनी ते पुन्हा बळकट होईल का? ते यंत्र शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घ्यायला लावतं आणि तेवढ्यासाठी चांगलं आहे. पण त्यात हवेचा वेग मोजला जातो. हळू ओढलं तर स्नायूवर भार जवळजवळ पडतच नाही. ताकदीच्या व्यायामाचं यंत्र वेगळं असतं. त्यात स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते आणि ठरलेला दाब निर्माण झाल्याशिवाय ती उघडतच नाही. हळू ओढा की जोरात, वजन तेच राहतं.

हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि मला हे एकक फार आवडतं. ३० सेंटीमीटर म्हणजे शहाळ्यात उभी फूटभर स्ट्रॉ लावून पाणी तिच्या टोकापर्यंत चढवणं, तेही छातीच्या जोरावर. शांत श्वासात फुफ्फुसांतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम १ सेंटीमीटरने कमी होतो. धडधाकट तरुण पूर्ण जोर लावून १०० च्या आसपास जातो. एरवी आपण स्ट्रॉ ओढतो ती गालांनी, म्हणून हा दाब मोजण्याच्या यंत्राला मुद्दाम बारीक गळती ठेवतात. नुसत्या गालांनी तयार झालेला दाब तिथून लगेच ओसरतो, छातीचा टिकतो. इतक्या साध्या भोकाने मोजमाप खरं होतं.

फ्लोरिडात व्हेंटिलेटरवरून सुटू न शकलेल्या ६९ रुग्णांवर प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामगटाला आठवड्यातून ५ दिवस ६ ते १० श्वासांचे ४ सेट दिले. झडपेचा भार ज्याला जेवढा पेलेल तेवढा. त्यांचा कमाल दाब सरासरी ४४ वरून ५४ सेंटीमीटरवर गेला. ७१ टक्के रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटले, दुसऱ्या गटातले ४७ टक्के.

पण म्हणून ‘दम वाढवणारं यंत्र’ अशा जाहिरातींना भुलू नये. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या २१९ रुग्णांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या पुनर्वसनाला या व्यायामाची जोड दिली. स्नायूंची ताकद वाढली, पण सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात जास्तीची भर पडली नाही. आणि २०२० मधला ‘१० सेकंद श्वास रोखा, कोरोना ओळखा’ हा फॉरवर्ड तर निव्वळ थाप होती. त्यातून ना संसर्ग कळतो, ना स्नायूंची ताकद.

यंत्र घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून कमाल दाब मोजून घ्यावा, भार त्यावरून ठरतो. कानाचा पडदा फाटला असेल किंवा नुकतीच फुफ्फुसाभोवती हवा साचली असेल, तर हा व्यायाम करू नये.