सुपरहिरो, स्थूलदेही

कॉमिक्समधील ज्या अतिमानवी पात्राचा बांधा स्थूल आहे, परंतु ज्याची शक्ती, ज्याच्याभोवतीचा विनोद किंवा ज्याचे दुःख यांपैकी काहीही त्या बांध्यावर बेतलेले नाही, असे पात्र. अमेरिकी कॉमिक्समध्ये जाड पात्रांची वाण कधीच नव्हती. मात्र ती बहुधा हसण्यासाठी नाहीतर धडकण्यासाठी योजलेली असत. डीसी या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेचा बाउन्सिंग बॉय (१९६१) फुगून चेंडूसारखा उसळ्या मारतो, तर मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या ब्लॉब (१९६४) या खलनायकाचे मुख्य सामर्थ्य त्याला जागचे हलवता येत नाही हेच. बिग बर्था (१९८९) ही मार्व्हलची नायिका एरवी सडपातळ मॉडेल असते आणि लढण्यापुरती अवाढव्य होते. म्हणजे स्थूलता हा तिचा गणवेशच म्हणायचा.

या साच्याबाहेरचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे व्हॅलियंट या प्रकाशनसंस्थेची फेथ हर्बर्ट ऊर्फ झेफिर. जिम शूटर आणि डेव्हिड लॅफम यांनी १९९२ मध्ये ‘हार्बिंजर’ या मालिकेत तिला आणले, तेव्हा विमानवजा फुग्यावरून पडलेले ‘झेपलिन’ हे चिडवायचे नाव तिला चिकटलेले होते. २०१२ मध्ये ही मालिका नव्याने सुरू झाली, आणि जानेवारी २०१६ पासून लेखिका जोडी हाऊझर व चित्रकार फ्रान्सिस पोर्तेला यांनी फेथला स्वतंत्र लघुमालिका दिली. मनोबलाने उडणे ही तिची शक्ती आहे, आणि जडपणाशी सांगड घातल्या जाणाऱ्या देहाला नेमके उड्डाण देण्यातच या पात्राची खुबी आहे. लॉस एंजेलिसमध्ये ती लाल केसांचा टोप आणि चष्मा लावून, समर स्मिथ या नावाने एका संकेतस्थळासाठी लेखन करते. कॉमिक्स आणि विज्ञानकथांचे तिला वेड आहे; तिची दिवास्वप्ने मार्गरीत सोव्हाज यांनी वेगळ्या, मऊ शैलीत रंगवली आहेत. या स्वप्नांतही ती बारीक झालेली नसते, ही बाब वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण आहार, वजनकाटा आणि ‘बदललेली मी’ हे ठरीव कथानक लेखिकेने कटाक्षाने टाळले आहे.

असे पात्र घडवण्याइतकेच ते टिकवणेही अवघड असते. डीसीच्या कथांतली करारी सरकारी अधिकारी अमांडा वॉलर (१९८६) अतिमानवी नव्हे, पण तिचा धिप्पाड देह तिच्या दराऱ्याचा भाग होता. तरीही २०११ च्या नव्या मांडणीत तिला कोणत्याही कथात्मक गरजेशिवाय शिडशिडीत व तरुण करण्यात आले.