आराखड्याच्या चौकटीत नेमकं काय लिहायचं?

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची गाडी शिरते तिथपासून शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडेपर्यंतच्या कामाचा आराखडा बीपीएमएन या चौकटी-बाणांच्या चिन्हपद्धतीत काढायला बसलं, की पहिल्या चौकटीत हमखास लिहिलं जातं ‘आवक व्यवस्थापन’. आराखडा इथेच बिघडतो. काम कोण करतो, कशावर करतो, ते संपलं हे कशावरून कळतं, यातलं काहीच त्या शब्दांतून कळत नाही. त्याऐवजी ‘गाडीची नोंद करा’, ‘माल काट्यावर मोजा’, ‘अंतिम बोली नोंदवा’, ‘हिशोबपट्टी तयार करा’ असं लिहावं: एक वस्तू आणि एक क्रियापद. मापाडी असो की आडत्या, चौकट बघताच त्याला आपलं काम ओळखू आलं पाहिजे.

दुसरं टोकही टाळायला हवं. ‘हिरवं बटण दाबा’ असं लिहिलं तर स्क्रीन बदलताच आराखडा रद्दीत जातो. एका माणसाने, मध्ये दुसऱ्याकडे न सोपवता, एका दमात पुरं केलेलं काम म्हणजे एक चौकट, एवढी कसोटी बहुतेक वेळा पुरते. ‘आवक’ हा मोठा शब्द टाकून द्यायचा नाही. अधिक चिन्हाच्या उपप्रक्रियेला, म्हणजे पोटात आणखी चौकटी असलेल्या चौकटीला, तो नाव म्हणून ठेवावा आणि बारकावे तिच्या आत मांडावेत. कोणतं काम कोणाचं हे दाखवणाऱ्या पट्ट्यांना मात्र माणसांची नावं देऊ नयेत, भूमिकांची द्यावीत. माणूस बदलतो, मापाडी हे काम राहतं.

खरी गफलत चिन्हांत होते. 2011 साली आलेल्या बीपीएमएन 2.0 मध्ये कोणतंही चिन्ह नसलेली चौकट म्हणजे अमूर्त टास्क, प्रकार न ठरवलेलं काम. चर्चेपुरती ती चालते. तोच आराखडा इंजिनवर, म्हणजे आराखड्याप्रमाणे कामं पुढे सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवायचा असेल तर प्रकार ठरवावाच लागतो. ‘माल उतरवा’ हे हमालाचं अंगमेहनतीचं काम, म्हणून हाताच्या चिन्हाची मॅन्युअल टास्क निवडावीशी वाटते. पण कामुंडासारखं इंजिन तिच्यापाशी थांबतच नाही. गाडी अर्धी भरलेली असतानाच मापाड्याच्या यादीत वजनाचं काम येऊन पडतं. काम झाल्याची नोंद हवी असेल तर माणसाच्या चिन्हाची यूजर टास्क घ्या, आणि ‘झालं’ अशी खूण करण्याची जबाबदारी कोणाची हेही ठरवा.

प्रतवारीचे आकडे, म्हणजे फळाचा व्यास किंवा डाग, बाणांवर लिहू नयेत. हंगामागणिक ते बदलतात. ते वेगळ्या निर्णय-तक्त्यात ठेवून आराखड्यात फक्त ‘प्रत ठरवा’ एवढंच दाखवावं.

शेवटी आराखडा छापून त्यावर नाणं सरकवत न्या. वाटा फुटतात किंवा जुळतात तिथे तिरपा चौकोन असतो: त्यात अधिक असेल तर सगळ्या वाटा एकदम चालतात, फुली असेल तर एकच. अधिक चिन्हाच्या चौकोनापाशी वाट दोन ठिकाणी फुटली की प्रत्येक वाटेवर एक नाणं ठेवा. या वाटा पुढे फुलीच्या चौकोनाने जोडल्या असतील तर दोन्ही नाणी एकामागोमाग पुढे जातात आणि एकाच मालाच्या दोन हिशोबपट्ट्या निघतात. फुलीने फुटून अधिकने जोडल्या असतील तर एकच नाणं पोहोचतं, दुसरं कधीच येत नाही, आणि शेतकऱ्याचा हिशोब तिथेच अडकतो. ज्या चिन्हाने फोडलं त्याच चिन्हाने जोडा.