इम्युनिटी कमी झाल्याने आमवात होतो का?

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात, तो इम्युनिटी कमी झाल्याने होतो, म्हणून ती वाढवणारे काढे प्या.

असं वाटणं साहजिक आहे, आजार म्हटलं की ताकद कमी पडली असंच आपण धरून चालतो. पण इथे उलटं घडतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी आपल्याच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठतात.

हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत फार स्पष्ट दिसलं. १९७७ मध्ये रॅटना कूर्चेतलं कोलॅजन नावाचं प्रथिन टोचलं तर त्यातल्या बऱ्याच जणांचे सांधे सुजले, जंतू वगैरे काही नसताना. पुढे उंदरांची एक जात सापडली जिला आपोआप असा संधिवात होतो, तिच्या रक्तातला सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला अँटीबॉडी असलेला द्रव, ठणठणीत उंदराला दिला की थोड्याच दिवसांत त्याचे इवलेसे पंजे फुगतात, जाडी चक्क कॅलिपरने मोजतात. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आधीच काढून टाकल्या तर तोच सीरम देऊनही पंजा सुजत नाही! पेशी कमी, तर सूज नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. म्हणून घरचंच तपासा. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर त्याची माहिती वाचा, ते इम्युनिटीला लगाम घालणारं औषध आहे. रिपोर्टमधली अँटी-सीसीपी टेस्ट बघा, ती स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते. काढ्यासाठी गोळ्या मात्र बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.